सामूहिक अपराध व व्यक्तिगत जबाबदारी

मोठ्या हिंसेचा दोष प्रत्यक्ष हात उचलणाऱ्याचा, की त्याच्या जातीचा, धर्माचा, गावाचा, याविषयीचा विचार. मराठवाड्यात तो मुख्यतः १९४८ ची पोलीस ॲक्शन व १९७८ चे नामांतर यांच्या संदर्भात होतो.

संकल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. बहुतेक अभ्यासक जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांच्या, नाझी गुन्ह्यांच्या दोषाविषयीच्या १९४६ च्या मांडणीपासून आरंभ करतात. त्यांनी फौजदारी, राजकीय, नैतिक असे दोष वेगळे केले. चौथा, डोळ्यांदेखत अन्याय होताना आपण जिवंत राहिलो याची सल. राजकीय उत्तरदायित्व सर्व नागरिकांवर येते, पण फौजदारी व नैतिक दोष व्यक्तीचाच, हे त्यांचे मत अधिक टिकाऊ वाटते. काही जण देशी मूळ दाखवतात: चोराचा माग ज्या शिवेत येऊन थांबे, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, नाहीतर भरपाई करावी. या रूढीचा धागा कौटिलीय अर्थशास्त्रापर्यंत नेला जातो. मात्र त्या ग्रंथाचा काळच वादग्रस्त आहे. शिवाय ती भरपाईची हमी होती, गावाला पापी ठरवणे नव्हे.

हैदराबादच्या निजामी राजवटीच्या अखेरीस रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र मुस्लिम स्वयंसेवकांनी, गावे लुटली, माणसे मारली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर (भारतीय सैन्याच्या हैदराबादवरील कारवाईनंतर) ‘रझाकारीचा बदला’ म्हणून सामान्य मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद व नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. बदल्याचा युक्तिवाद प्रत्येक मुसलमानाला रझाकार धरतो. पण रझाकारांना विरोध केला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये मारले गेलेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान मुसलमानच होते. आणि त्याच अहवालात हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना जमावापासून वाचवल्याची, त्यात स्वतःचे जीवही गमावल्याची नोंद आहे. म्हणजे त्या दिवसांतही निवड करता येत होती.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत होताच दलित वस्त्यांवर हल्ले झाले, टेंभुर्णीत (जि. नांदेड) पोचीराम कांबळे यांचा खून झाला. अशा घटनांबद्दल ‘वस्ती जळाली’ म्हणण्याची सवय आहे. ‘जाळली’ म्हटले की कोणी, हे विचारावे लागते.

कायद्यात दोन्ही वाटा आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ नुसार बेकायदा जमावातील प्रत्येक सदस्य समान उद्देशाने घडलेल्या गुन्ह्याला जबाबदार धरला जाई. मात्र खटला व शिक्षा व्यक्तीलाच. याउलट अस्पृश्यतेविरुद्धच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने सामूहिक दंडाचे कलम १०-अ आले. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १६ ने तेच कलम तिथेही लागू केले. चौकशीअंती रहिवासी गुन्ह्यात सामील आहेत, गुन्हेगाराला आसरा देतात किंवा पुरावा दडपतात असे दिसल्यास राज्य शासन त्या भागावर सामूहिक दंड बसवू शकते. दंडाची वाटणी ऐपत पाहून होते. कोणाचा दोष किती, हे त्यात मोजले जात नाही. एखाद्या व्यक्तीला किंवा वर्गाला सूट देण्याचा अधिकार शासनाकडे आहे.