गटस्तरीय मापनसाधनांची विश्वसनीयता आणि सप्रमाणता

टीम, शाळेचा वर्ग, वस्ती किंवा संस्था यांचा एखादा गुण मोजणारी प्रश्नावली खरोखर त्या गटाविषयी काही सांगते का, हे तपासण्याची संशोधनपद्धती. उत्तरे एकेक माणूस देतो आणि निष्कर्ष मात्र गटाबद्दल काढायचा असतो. सगळी अडचण इथेच आहे.

समजा, पाच-पाच जणांच्या दोन टीमनी ‘आमच्या टीममध्ये चूक मोकळेपणाने सांगता येते’ या विधानाला 1 ते 5 पैकी गुण दिले. पहिलीत पाचही जणांनी 3 दिले. दुसरीत 1, 1, 3, 5, 5 आले. सरासरी दोन्हीकडे 3. पण दुसऱ्या टीममध्ये सरळसरळ दोन तट आहेत, तिला ‘मध्यम मोकळी’ म्हणणे चूक ठरेल. म्हणून सरासरीआधी गटांतर्गत एकमत पाहतात. जेम्स, डेमारी आणि वुल्फ यांच्या 1984 च्या निर्देशांकात उत्तरांचे प्रचरण (ती किती विखुरलेली आहेत याचे माप) अंदाजपंचे उत्तरांच्या अपेक्षित प्रचरणाशी ताडले जाते. पाच पर्यायांसाठी हे अपेक्षित प्रचरण 2 असते. निर्देशांक 0.70 पर्यंत पोहोचला की एकमत पुरेसे मानतात, पण ही मर्यादा केवळ रूढी आहे.

नुसते एकमतही पुरत नाही. सगळ्याच गटांची उत्तरे सारखी आली तर साधन त्यांच्यात भेद करू शकत नाही. एकूण प्रचरणात गटागटांतील फरकाचा वाटा किती, हे अंतर्वर्गीय सहसंबंध सांगतो. तो 0.10 असेल, तर गटामागे 10 प्रतिसादकांच्या सरासरीची विश्वसनीयता, म्हणजे ती किती भरवशाची आहे याचे माप, सुमारे 0.53 येते; 30 जणांना विचारले तर 0.77. व्यक्तींच्या उत्तरांवरून काढलेला क्रोनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचे माप) यातले काहीच दाखवत नाही, आणि तेवढाच देऊन थांबणे ही गंभीर उणीव आहे.

सप्रमाणतेची, म्हणजे साधन जे मोजायचे तेच मोजते का याच्या तपासणीची, सुरुवात शब्दयोजनेपासून होते: ‘मला वाटते’ आणि ‘आमच्याकडे असे चालते’ ही दोन वेगळी मोजमापे आहेत.

सॅम्पसन, रॉडेनबुश आणि अर्ल्स यांचा शिकागोचा अभ्यास (1997) सप्रमाणता तपासण्याचा उत्तम नमुना. 343 वस्त्यांतील 8,782 रहिवाशांना त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एक: मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली, तर शेजारी हटकतील का? उत्तरांतून बांधलेली वस्तीची ‘सामूहिक कार्यक्षमता’ त्यांनी रहिवाशांच्या हिंसाचाराच्या अनुभवांशीच नव्हे, तर स्वतंत्रपणे नोंदलेल्या खुनांच्या आकड्यांशीही ताडून पाहिली. ती जिथे जास्त, तिथे हिंसाचार कमी आढळला.