कोलंबिया रिव्हर हायवे (ओरेगन)

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या दक्षिण काठाने, ट्राउटडेलपासून द डॅल्सपर्यंत गेलेला साधारण 75 मैलांचा जुना घाटरस्ता. बांधकाम 1913 ते 1922. निसर्ग बघत जाता यावं म्हणून मुद्दाम आखलेला अमेरिकेतला हा सुरुवातीच्या मोठ्या मोटार रस्त्यांपैकी एक.

त्याआधी इथून जायचं म्हणजे जिवाशी खेळ होता. 1840च्या दशकात बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघालेली कुटुंबं द डॅल्सला पोचायची आणि पुढे वाटच नसायची, कडे थेट पाण्यात उतरलेले, मग गाड्यांची चाकं काढून सगळं बिऱ्हाड तराफ्यावर चढवायचं आणि नदीत सोडायचं, त्यात कित्येक जण बुडाले. पुढे आगबोटी आल्या, रेल्वे आली, पण मोटारीला रस्ता नव्हताच.

तो आणला दोघांनी, रस्त्यांचं वेड असलेला धनिक सॅम हिल आणि इंजिनिअर सॅम्युअल लँकेस्टर. 1908ला दोघं पॅरिसच्या पहिल्या जागतिक रस्ते परिषदेला गेले, युरोपातले डोंगरी रस्ते आणि दगडी बांध डोळे भरून पाहून आले. लँकेस्टरची पद्धत मला फार आवडते: आधी धबधबे आणि बघण्यासारख्या जागा हेरायच्या, मग रस्ता तिथे न्यायचा. चढ 100 फुटांना 5 फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, वळणाची त्रिज्या 100 फुटांच्या खाली नाही. त्यामुळे क्राउन पॉइंटला नदीपासून सातशेहून जास्त फूट उंचीवर असलेला रस्ता हळूहळू वळसे घेत खाली उतरतो आणि त्या काळच्या कमी ताकदीच्या गाड्यासुद्धा न धापता चढायच्या.

खरं वैभव म्हणजे 1915चा मिचेल पॉइंटचा बोगदा. स्वित्झर्लंडमधल्या आक्झेनस्ट्रासे रस्त्यावरच्या बोगद्याला खिडक्या आहेत, त्यावरून ही कल्पना आली, इथे कड्याच्या पोटात बोगदा खोदून नदीच्या अंगाला पाच कमानी ठेवल्या, म्हणजे गाडी अंधारातून जात असताना मध्येच लख्ख उजेड आणि खाली कोलंबिया.

नदी ओलांडायला मात्र बरीच वर्षं फेरीबोटच लागायची. कॅस्केड लॉक्सला 1926मध्ये ब्रिज ऑफ द गॉड्स हा पूल झाला, द डॅल्सची फेरीबोट तर 1953ला पूल होईपर्यंत चालू होती.

मग खाली पाण्यालगत सपाट, वेगवान हायवे आला आणि वरचा रस्ता तुकड्या-तुकड्यांनी ओस पडला. मिचेल पॉइंटचा बोगदा 1966ला रुंदीकरणासाठी उडवून दिला, हे आजही वाचवत नाही. 1987ला ओरेगनच्या विधिमंडळाने जुना रस्ता जपायचं, उरलेले तुकडे जोडायचं ठरवलं. ओनिऑन्टाचा बोगदा लाकडी अस्तर घालून पुन्हा उघडला, 2017च्या वणव्यात ते अस्तर जळालं, पुन्हा बसवलं. मिचेल पॉइंटला नवा बोगदा खोदला, तोही पाच कमानींचा, 2025पासून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुला आहे.

मोझियरचे जुळे बोगदे दगडांनी बुजवून टाकले होते, ते उपसून 2000ला उघडले. आत भिंतीवर कोरलेली अक्षरं अजून वाचता येतात: नोव्हेंबर 1921मध्ये हिमवादळात काही प्रवासी इथे आठवडाभर अडकले होते, त्यांनी दगडात बर्फात अडकल्याचं लिहिलं आणि खाली तारखा, 19 ते 27.