रात्रीचा उकाडा दुपारीच घरात शिरतो

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माझी मावशी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. मे महिन्यात तिच्याकडे मुक्कामाला होतो. रात्रीचे अकरा वाजलेले, पंखा पाचवर, खिडकी सताड उघडी आणि तरी उशी घामाने भिजत होती. बाहेर गॅलरीत येऊन उभं राहिलं की बरं वाटायचं, आत पाऊल टाकलं की पुन्हा जीव नकोसा. शेवटी स्टुलावर चढून छताला तळहात लावला. सूर्य मावळून चार तास झाले होते आणि स्लॅब अजून टॉवेलात गुंडाळलेल्या शेकाच्या पिशवीसारखा ऊब देत होता. मग पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, तीही तशीच. पूर्वेची भिंत मात्र निवली होती.

उन्हाळ्यात बिछान्यावर तळमळणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा करून बघावा. घर गार ठेवायला एसीच हवा, नाहीतर सोसायला हवं, असं आपण धरून चालतो. पण उष्णता घरात कुठून येते आणि कुठे मुक्काम करते हे हाताला कळलं की बरंच काही थोड्या पैशांत करता येतं.

दहा बाय दहाची एक खोली घेऊ, उंची नऊ फूट. तिच्यातल्या सगळ्या हवेचं वजन भरतं जेमतेम ३० किलो, आणि ती हवा १ अंशाने तापवायला साधारण ३० किलोज्यूल उष्णता पुरते. डोक्यावरचा पाच इंची स्लॅब मात्र पावणेतीन टनांचा. त्याला १ अंश वर न्यायला २५०० किलोज्यूल लागतात, म्हणजे हवेच्या ऐंशी पटींहून जास्त. दिवसभर ऊन खाऊन हा स्लॅब ८ अंशांनी जरी तापला, तरी त्यात साडेपाच युनिट विजेइतकी उष्णता साठते. काँक्रीटमधून ती सावकाश उतरते, वरचं ऊन खालच्या बाजूला जाणवायला काही तास लागतात. म्हणून दुपारी दोनला तापलेलं छत रात्री आपल्याला भाजतं. त्यातली निम्मी उष्णता वर आकाशाकडे गेली असं धरलं, तरी उरलेली रात्रीचे दहा तास खोलीत पावणेतीनशे वॅटचा हीटर लावून ठेवल्यासारखी आहे. शिवाय झोपलेलं प्रत्येक माणूस स्वतः ७०-८० वॅट उष्णता सोडत असतं. एका खोलीत चौघं झोपली की आणखी तीनशे वॅट.

यातली मोठी अडचण अशी की छताची उष्णता फक्त हवेतून येत नाही. थंडीत शेकोटीपुढे बसलं की हवा गार असूनही तोंड तापतं, कारण उष्णता किरणांनी थेट आपल्यापर्यंत पोहोचते. तापलेलं छत रात्रभर तेच करतं. पंखा कितीही फिरवा, हे किरण वाऱ्याने अडत नाहीत. खिडकीतून गार हवा घेतली तरी ती काही मिनिटांत पुन्हा तापते, कारण तिच्यापेक्षा ऐंशी पट दमदार गडी वर बसलेला आहे. लढाई रात्री अकराला लढण्यात अर्थ नाही. ती दुपारी लढायची, आणि घराच्या बाहेर.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर सूर्य इथे भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन फारसं पडतच नाही, सगळा मारा गच्चीवर होतो आणि तिसऱ्या प्रहरानंतर पश्चिमेवर. सूर्य मावळतोही पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. त्यामुळे वायव्येकडच्या खिडकीतून संध्याकाळी ऊन आत येताना पाहून चकित व्हायचं कारण नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे गच्चीला चुना. पावसापाण्याने काळवंडलेलं सिमेंट पडलेल्या उन्हातला जेमतेम पाव हिस्सा परतवतं, बाकीचं पिऊन टाकतं. ताजा पांढराशुभ्र चुना दोन तृतीयांशाहून जास्त ऊन आल्या पावली परत पाठवतो. फरक पायांना विचारा. मावशीच्या गच्चीवर एका कोपऱ्यात जुना पांढरा चायना मोझाइक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, शिल्लक आहे आणि गळती थांबवायला बाजूलाच डांबरी शीट टाकलंय. दुपारी तीन वाजता मोझाइकवर अनवाणी उभं राहता येतं, दोन पावलांवरच्या शीटवर एक पाऊलही टिकत नाही. ऊन तेच, गच्ची तीच, बदलला तो फक्त रंग. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. तेलंगणने तर २०२३ मध्ये थंड छपरांसाठी वेगळं धोरणच आणलं. मुंबईच्या सोसायट्यांनी हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं, कारण गच्ची सगळ्यांची असली तरी तिचा ताप वरच्या मजल्यावरची दोन-चार घरंच भोगतात.

कृती साधी आहे. गच्ची खराट्याने घासून, धुऊन वाळवायची. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, चिकटून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा फेविकॉल घालायचा आणि एकावर एक आडवे-उभे दोन-तीन हात द्यायचे. चुना कालवताना डोळे जपा, हातमोजे घाला, ओला चुना कातडी सोलतो. एका खोलीवरच्या भागाला काही शे रुपयांत काम होतं.

गच्चीवर ओली गोणपाटं पसरायचा सल्लाही मिळेल. तापलेल्या छतावरून पाणी वाळताना उष्णता नेतं हे खरं, पण मे महिन्यात धरणं तळाला गेलेली असताना रोज बादल्याच्या बादल्या ओतणं मला पटत नाही. शिवाय जुना स्लॅब सतत ओला राहिला की आतली सळई गंजते.

पत्र्याच्या घराची गोष्ट वेगळी. पत्र्यात साठवण नसते, रात्री तो झटकन निवतो, पण दुपारी आत बसवत नाही. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जी उष्णता त्याच्यात शिरते ती किरणांनी बाहेर टाकणं त्याला जमत नाही. चकाकणाऱ्या धातूचा तो गुणच आहे. पांढरा रंग दोन्ही कामं करतो, ऊन परतवतो आणि उष्णता सोडतोही. म्हणून चकचकीत पत्र्यालाही पांढरा रंग द्यावा. पत्र्याखाली चार बोटं जागा सोडून बांबूची चटई बांधली तर छताचे किरण अंगावर येत नाहीत. थर्माकोल मात्र नको. तो सहज पेट घेतो, आणि दाटीच्या वस्तीत, उघड्या वायरींखाली, हा धोका घेऊ नये.

मधल्या मजल्यांवर छताची काळजी नाही, तिथे शत्रू पश्चिमेची खिडकी. चार बाय तीनच्या खिडकीतून संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला पाच-सहाशे वॅट ऊन आत येतं. आपण आतून जाड पडदा ओढतो आणि काम झालं असं समजतो. पण काच ओलांडून आलेलं ऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. काच ऊन आत येऊ देते, तापलेल्या पडद्याचे किरण बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभी केलेली बंद गाडी अशीच तापते. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. खिडकीच्या ग्रिलला बाहेरच्या बाजूने चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, नर्सरीत वापरतात ती हिरवी जाळी, काहीच नसेल तर जुनी पांढरी चादर बांधा. ग्रिलमध्ये कुंड्या ठेवायची आपली पद्धतही याच कामाची आहे, फक्त कुंडी नीट अडकवा, खाली माणसं चालतात.

आता पाण्याचे उपाय. नागपूरचा पाहुणा सांगतो, कूलर घ्या, वाळ्याचे पडदे लावा. त्याचं त्याच्या गावापुरतं बरोबरच आहे. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेतं, पण हवा आधीच ओली असेल तर ते वाळणार कसं? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली कूलर कधीच जाऊ शकत नाही. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना तो पारा २३ अंशांच्या आसपास थांबतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो २८ वर अडतो. तिकडे एकवीस अंशांचा फायदा, इकडे कागदोपत्री पाचाचा आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. वर खोलीतली आर्द्रता वाढते आणि आपला घाम वाळेनासा होतो, म्हणजे चिकचिक अधिकच. अपवाद मार्च-एप्रिलमधल्या त्या मोजक्या दिवसांचा, जेव्हा पूर्वेकडून कोरडा गरम वारा येतो आणि दुपारचे खारे वारे उशिरा सुरू होतात. मुंबईचा पारा चढतो तो अशाच दिवसांत. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद आहे. अशा दिवशी ओला पडदा इथेही कामाला येतो.

एरवी मात्र पाणी हवेला नाही, अंगाला लावा. यात विरोध वाटेल, पण नाही. आपल्या कातडीचं तापमान ३४-३५ अंश असतं, रात्रीच्या हवेपेक्षा चार-पाच अंश जास्त. त्यामुळे दमट हवेतही अंगावरचं पाणी वाळत राहतं, वारा लागला की आणखी. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी चहाच्या एका कपाएवढं पाणी वाळताना घेतं. म्हणून पंख्यापुढे बर्फाचं पातेलं ठेवण्यापेक्षा ओला पंचा पिळून पोटऱ्यांवर आणि हातांवर टाकणं कितीतरी गुणाचं. फ्रीज त्याच खोलीत असेल तर बर्फाचा हिशेब उलटाच पडतो. बर्फ करताना फ्रीज जितकी उष्णता पाण्यातून काढतो, तितकी आणि स्वतःच्या विजेची वेगळी, मागच्या जाळीतून तुमच्याच खोलीत टाकतो. झोपण्याआधी पाय धुण्याची सवयही शास्त्राला धरून आहे. झोप लागताना शरीर आतलं तापमान किंचित उतरवतं आणि त्यासाठी तळहात-तळपायांतून उष्णता बाहेर सोडतं.

पंख्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मावशी म्हणत होती, "अरे, यंदा पंख्याला वाराच नाही रे." पंखा बदलायला निघाली होती. इलेक्ट्रिशियनने वरची वाटी खाली सरकवली, आतला काळा डबीसारखा कंडेन्सर काढला आणि अडीच मायक्रोफॅरडचा नवा बसवला. शंभर रुपयांच्या आत काम, पंखा नव्यासारखा. कंडेन्सर जुना झाला की त्याची क्षमता घटते, मोटरचा जोर कमी होतो आणि पंखा पाचवरही रेंगाळतो. नवा पंखा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या. जुना ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. रोज दहा तासांच्या वापरात महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात आणि तेवढी उष्णताही खोलीत कमी येते. पंखा हवा गार करत नाही, अंग गार करतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो फिरता ठेवू नये. वरच्या मजल्यावर छताचा पंखा छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो, तिथे जमिनीलगतचा टेबलफॅन आणि फरशीवर चटई जास्त सुखाची. फोमची गादी पाठीची उष्णता कोंडून ठेवते.

दिवसा पश्चिमेकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे आपण शाळेत शिकलो. मुंबईत रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की पूर्वेची खिडकी उघडायची, समोरचं दार सेफ्टी डोअर लावून उघडं ठेवायचं, आणि वारा पडलेला असेल तर पश्चिमेच्या खिडकीशी टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवायचा, म्हणजे तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि पूर्वेकडून गार हवा आपोआप ओढली जाते. घरोघरी याच वेळी डासांमुळे खिडक्या बंद होतात. खिडकीला डासांची जाळी बसवण्याचा खर्च म्हणूनच मला पंख्याइतकाच गरजेचा वाटतो. जाळीने वारा कमी होतो, पण बंद काचेतून तो येतच नाही. एका खोलीच्या घरात रात्रीचा स्वयंपाकही जमेल तितका आटोपशीर ठेवा. गॅसची एक शेगडी तासभर पेटली की दीड-दोन युनिट उष्णता खोलीत येते.

म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो आणि तहानही कमी लागते. उकाड्यात कुणी असंबद्ध बोलायला लागलं आणि अंग चटका बसण्याइतकं तापलेलं असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन लावा.

मावशीच्या सोसायटीने गच्चीला चुना द्यायला परवानगी दिली. दोन रविवार लागले, शेजारचे काका आणि त्यांची नात मदतीला होती. त्यानंतरच्या मुक्कामात रात्री अकराला पुन्हा स्टुलावर चढून छताला हात लावला. कोमट होतं, पण शेक लागत नव्हता. पश्चिमेची भिंत अजून तापतेच, तिच्यासाठी चिक सांगून ठेवलाय. चुना पावसाळ्यात धुपून जातो, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हाआधी, दसऱ्याच्या सुमाराला, एक हात द्यायचा आणि होळीनंतर पुन्हा दोन.