'गो'ला 'वेंट' कुठून चिकटलं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत इंग्रजीचा क्लास सुरू असला की 'गो-वेंट-गॉन' कानावर पडतंच. पूर्वी हे पाठांतर पाचवीत सुरू व्हायचं. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि बारकी पोरंही घोकायला लागली. 'वॉक'चं 'वॉक्ड', मग 'गो'चं 'गोड', असं एखादं पोर म्हणतं. ऐकायला गोडच, पण मार्क जातो.

खरं तर 'वेंट' मुळात 'गो'चं नव्हेच. ते 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचं. त्याचा अर्थ वळणं, वाट धरणं. 'सेंड-सेंट', 'बेंड-बेंट', तसं 'वेंड-वेंट'. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ होता 'एओडे'. म्हणजे तेव्हाही दोन्हींचा मेळ नव्हताच! पुढं त्याचं 'येडे', 'योडे' झालं आणि साधारण १५०० पर्यंत दक्षिण इंग्लंडात 'वेंट'नं त्याची जागा बळकावली. स्कॉटलंडकडं मात्र लोकांनी 'गो'च्या तिथल्या रूपाला, म्हणजे 'गे'ला, 'ड' जोडून 'गेड' करून टाकलं, आपल्या त्या पोरासारखंच. 'वेंड'चं रूपच पळवल्यामुळं त्याला 'वेंडेड' हे नवं रूप आलं.

इंग्रजांना हसण्याआधी आपलं 'जाणे' बघा. भूतकाळ काय, तर 'गेला'. 'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूवरून, याति-जाइ असं. 'गेला' आलं 'गम्'च्या 'गत'वरून. 'कुठं गेलतास?' विचारताना कोल्हापुरात कुणाला हे खटकत नाही. सारखी तोंडात असणारी क्रियापदं अशी वेडीवाकडीच टिकतात. कमी लागणारी हळूहळू नियमात येतात. 'क्लाइम'चं (म्हणजे चढणं) जुनं 'क्लोम' जाऊन 'क्लाइम्ड' झालं ते असंच.

वापरताना पाय घसरतो तो 'डिड'पाशी. 'आय डिड नॉट वेंट' चूक, कारण भूतकाळ 'डिड'नं आधीच उचललाय. पुढं नुसतं 'गो' पुरे. पण ही 'डू'ची रीत इंग्रजीत पक्की रुजली सोळाव्या-सतराव्या शतकात. त्याआधी 'आय वेंट नॉट' सर्रास चालायचं.

दुसरी गफलत 'गॉन'ची. 'ही हॅज गॉन टू पुणे' म्हणजे पुण्याला गेलाय, अजून परतला नाही. 'हॅज बीन टू पुणे' म्हणजे जाऊन आलाय. आणि काल, परवा, गेल्या रविवारी अशी वेळ सांगितली की दोन्ही बाजूला ठेवायचं: 'ही वेंट टू जोतिबा लास्ट संडे'.