पोरगं सारखं आजारी: ॲलर्जी, की प्रतिकारशक्तीच कमी?

लहान पोरगं दर महिन्या-दोन महिन्यांनी शिंकायला-खोकायला लागलं की खानदेशात निदान डॉक्टरकडे जाण्याआधी ओट्यावरच होऊन जातं. "पोऱ्याले घडीघडी सर्दी व्हस, त्यानी इम्युनिटी कमी शे." मग मेडिकलवरून टॉनिक येतं, शेजारीण काढा सांगते, थंडगार सगळं बंद होतं. यातल्या बऱ्याच पोरांची प्रतिकारशक्ती कमी नसते. ती नको तिथे नको तेवढी चालते, म्हणजे ॲलर्जी असते. आणि ज्या मोजक्या पोरांची खरोखर कमी असते, त्यांच्या आईबापांना "ॲलर्जिक खोकला आहे, मोठा झाला की जाईल" हे ऐकत वर्षं काढावी लागतात. दोन्हीकडे नाक गळतं, छाती भरते, शाळा बुडते. आत घडतं ते मात्र एकमेकांच्या उलट.

ॲलर्जीत शरीर निरुपद्रवी गोष्टीला शत्रू ठरवतं. धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण, बुरशी, एखाद्या खाद्यपदार्थातलं प्रथिन. त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) बनतात आणि कातडी, नाक, श्वासनलिका इथल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तीच गोष्ट आली की काही मिनिटांत या पेशी हिस्टामिन सोडतात आणि खाज, शिंका, पाणी, सूज, धाप सुरू होते. हे रक्तातून चालतं, याचा पुरावा १९२१ मध्ये दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतःच्या अंगावर मिळवला. क्युस्टनर यांना माशाची ॲलर्जी होती. त्यांच्या रक्ताचा सीरम (पेशी काढून उरलेला पातळ भाग) प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि मासे बिनतक्रार पचवणाऱ्या त्या माणसाच्या कातडीवर गांधी उठली. सीरममधली ती वस्तू म्हणजे आयजीई, हे कळायला १९६६-६७ उजाडलं. अमेरिकेत इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक स्वतंत्रपणे तिथवर पोचले.

दुसऱ्या बाजूची गोष्ट १९५२ ची. अमेरिकी लष्करी रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. न्यूमोकॉकस हा जंतू त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा शिरायचा. ब्रुटन यांनी त्याच्या रक्तातली प्रथिनं विजेच्या साहाय्याने वेगवेगळी करून पाहिली, तर प्रतिद्रव्यांचा भाग कोराच. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं महिन्यातून एकदा टोचायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. जन्मजात प्रतिकारक्षमतेच्या दोषांचा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. आज असे साडेचारशेहून जास्त दोष नोंदलेले आहेत. एकेक दुर्मीळ, पण सगळे मिळून वाटतात तितके नाहीत.

आता घरातून फरक कसा दिसतो ते. आधी एक गोष्ट मान्य करू: बालवाडीत जायला लागलेल्या पोराला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं यात आजार काहीच नाही. त्यामुळे "किती वेळा" यापेक्षा "काय होतं" हा प्रश्न जास्त कामाचा. ॲलर्जीत नाकातून पाण्यासारखं वाहतं, ताप नसतो, डोळे-नाक खाजतात, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, पोरगं तळहाताने नाक वर वर चोळतं. घरात कुणाला तरी दमा किंवा अंगावर पित्त उठण्याचा त्रास असतो. पोराचं वजन मात्र ठीक वाढतं. आणि त्रासाला जागा असते, वेळ असते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात गच्च बंद खोलीत रात्रभर कूलर चालतो. त्यातलं गवत मागच्या वर्षीचंच, टाकीतलं पाणी आठवड्याचं. ओलसर गवतावर बुरशी धरते आणि पंखा तीच हवा थेट पोराच्या तोंडावर मारतो. असं पोरगं आठ दिवस मामाकडे, कूलर नसलेल्या घरी राहिलं आणि शिंका थांबल्या, तर टॉनिकची बाटली बाजूला ठेवायला हरकत नाही.

प्रतिकारशक्ती खरंच कमी असली की चित्र वेगळं दिसतं. ताप येतो, पू होतो, जंतू खोलवर जातात. वर्षात दोनदा निमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणं, दरवेळी सलाइनमधूनच औषध लागणं, यकृतात किंवा कातडीखाली पुन्हा पुन्हा गळू, वर्षाच्या पोराच्या तोंडात न जाणारा पांढरा थर, वजन न वाढणं. यातली दोन लक्षणं जुळली तर तपास करावा, असा जगभरचा रिवाज आहे. शिवाय वय बघायचं. ब्रुटन यांनी नोंदलेल्या आजारातलं बाळ पहिले सहा महिने गुटगुटीत असतं, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्यं तोवर पुरतात. ती संपली की संसर्गांची रांग लागते.

तपासण्यांत सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो ॲलर्जीच्या मोठ्या पॅनेलवर. एका रक्ताच्या नमुन्यातून साठ-सत्तर पदार्थ आणि पुढे तांबड्या अक्षरातली यादी: वांगं, तूर, दूध, गहू, केळी. घरी ते सगळं बंद. रावेर-यावलच्या पोराला केळी बंद म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही! आयजीई सापडलं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली, एवढंच. तो खाऊन त्रास होत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे. एकूण आयजीई तर पोटात जंत असले तरी वाढतं. नाक-दम्याच्या त्रासासाठी त्वचेवरची टोचणी चाचणी जास्त भरवशाची: अर्काचा थेंब, बारीक टोच, पंधरा-वीस मिनिटांनी किमान ३ मिलिमीटरची गांधी उठली का ते बघायचं. त्याआधी काही दिवस सर्दी-खाजेच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळंच कोरं येतं. बांधावरचं गाजरगवत उपटणाऱ्यांच्या मानेवर, कोपरांच्या आत जी जाड, काळपट खाज उठते तीही ॲलर्जीच, पण आयजीईची नव्हे, टी पेशींची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). ती या टोचणीत दिसत नाही. पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून बघावी लागते.

प्रतिकारशक्तीच्या कमतरतेचा पहिला धागा मात्र कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये मिळू शकतो. साध्या सीबीसीत (रक्तपेशींची मोजणी) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची टक्केवारी आणि एकूण पांढऱ्या पेशी यांचा गुणाकार करून शंभराने भागायचं. तान्ह्या बाळात तो आकडा सतत ३०००च्या खाली असेल तर घंटा वाजली समजा. त्यानंतर आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिद्रव्यांची मोजणी, आणि तीही वयाच्या तक्त्याशी ताडून, कारण मोठ्या माणसाचा नॉर्मल आकडा बाळाला लागू नसतो. पुढचं काम मुंबईत. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांवर संशोधन चालतं.

पण खानदेशात "कमी प्रतिकारशक्ती"चा मोठा वाटा जन्मजात दुर्मीळ दोषांचा नाही. अक्कलकुवा-धडगावच्या पट्ट्यात आधी कुपोषण बघायचं आणि मग सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. कुपोषणाने टी पेशी घटतात. सिकलसेलमध्ये प्लीहा (पानथरी) हळूहळू निकामी होते आणि न्यूमोकॉकससारखे कवच असलेले जंतू रक्तातून गाळले जात नाहीत. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिकलसेल असलेल्या तीन वर्षांखालच्या २१५ मुलांपैकी काहींना रोज पेनिसिलिन दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. पहिल्या गटात २ मुलांना गंभीर संसर्ग झाला, दुसऱ्यात १३ जणांना. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली. भारतातल्या अनेक सिकलसेल रुग्णांमध्ये प्लीहा तुलनेने जास्त काळ टिकते, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण नंदुरबारच्या सिकलसेल पोराचा ताप "ॲलर्जीचा" म्हणून घरी काढायचा नसतो, एवढं त्यातून नक्की निघतं. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस आता सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी मोफत मिळते. ती चुकवायला कारण नाही.

संशोधनाची रीतही दोन्हीकडे निराळी. ॲलर्जीचे रुग्ण हजारोंनी मिळतात, आणि त्रास आपोआप कमी-जास्त होत असल्याने औषध नसलेल्या गोळीशी तुलना केल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवता येत नाही. लंडनच्या २०१५ च्या चाचणीत गंभीर इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. काहींना शेंगदाणा नियमित दिला, काहींना पाच वर्षं दाखवलाही नाही. सुरुवातीला त्वचा चाचणी कोरी असलेल्यांत शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. "लहानपणी टाळा" हा जुना सल्ला तिथे उलटा पडला. (अख्खा दाणा बाळाला देऊ नका, घशात अडकतो. कूट पातळ करून द्या.)

प्रतिद्रव्यंच नसलेल्या पोराला मात्र नुसतं पाणी टोचून वाट बघता येत नाही, तो जाईल. म्हणून इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे बाहेरून द्यायच्या प्रतिद्रव्यांच्या, नव्या औषधाला अमेरिकेत वेगळी कसोटी लावतात: निमोनिया, रक्तातला संसर्ग, मेंदूज्वर, हाडा-सांध्यातला संसर्ग, आतल्या अवयवातलं गळू, असे गंभीर प्रकार दर रुग्णामागे वर्षाला एकापेक्षा कमी झाले पाहिजेत. रुग्ण चाळीस-पन्नास असले तरी चालतं.

आणि मग दोन्ही रस्ते मध्येच मिळतात. विस्कॉट-ऑल्ड्रिच आजारात मुलग्याला इसब असतो, प्लेटलेट कमी आणि लहान असतात, आणि संसर्गही होत राहतात. इसबाकडे बघून ॲलर्जी म्हटलं तर बाकीचं निसटतं. ब्रुटन यांनी नोंदलेल्या आजाराच्या मुलांत बिघडलेलं जनुक १९९३ मध्ये सापडलं, ते बीटीके नावाचं एन्झाइम बनवतं. ते नसलं तर प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी पेशी तयार होत नाहीत. तेच एन्झाइम मास्ट पेशींतही काम करतं. म्हणून त्याला रोखणारं रेमिब्रुटिनिब हे औषध २०२५ मध्ये अमेरिकेत अंगावर वारंवार उठणाऱ्या पित्तासाठी मंजूर झालं. एका आजारात जे नसल्याने पोरगं मरायला टेकतं, तेच दुसऱ्यात मुद्दाम दाबायचं.

डॉक्टरला सांगायच्या गोष्टींत एक हमखास राहून जाते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतात, आणि यातले बरेच दोष दोन्हीकडून आले तरच उठतात. आधीचं एखादं बाळ वर्षाच्या आत तापाने गेलं असेल, किंवा बीसीजीची जागा महिनोन्‌महिने चिघळून काखेत गाठी झाल्या असतील, तर ते नव्या बाळंतपणाच्या आधीच सांगा. बीसीजी, रोटाव्हायरस आणि तोंडाने द्यायचा पोलिओ या जिवंत लसी आहेत. काही दोषांत त्यांचेच जंतू पसरतात, आणि बीसीजी तर जन्मल्याबरोबर दंडावर टोचली जाते.