पिसं नंतर, आधी मनगट बघा

पिसं असली की पक्षी, नसली की डायनासोर, अशी सोपी विभागणी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. ती किती कच्ची आहे हे बघायला जर्मनीत आइश्टेटजवळ १९५१ साली सापडलेला एक छोटा सांगाडा पुरेसा आहे. काँप्सोग्नॅथस या चिमुकल्या मांसाहारी डायनासोरचा म्हणून तो वीसेक वर्षं खपून गेला. पिसांचे पुसट ठसे लक्षात आले तेव्हा कळलं, हा तर आर्किऑप्टेरिक्स! १५ कोटी वर्षांपूर्वीचा, ज्याला आपण ‘आद्य पक्षी’ म्हणतो तोच. म्हणजे पिसं नजरेआड झाली, तर जाणकारांनाही नुसत्या हाडांवरून फरक कळला नव्हता.

आणि कळणार तरी कसा? जबड्यात दात, तीन सुट्या बोटांना नख्या, वीसहून जास्त मणक्यांची लांब शेपटी. उडण्याचे स्नायू जिथे चिकटतात तो छातीच्या हाडाचा उभा कणाही नाही. उलट छातीवरचं इंग्रजी व्ही आकाराचं हाड (म्हणजे जुळून एक झालेल्या दोन कॉलरबोन), जे पक्ष्यांचीच मक्तेदारी समजलं जायचं, ते टी. रेक्सलाही होतं. १९२६ साली पक्ष्यांच्या उगमावर लिहिणाऱ्या गेरहार्ड हाइलमन यांनी ‘डायनासोरना कॉलरबोन नाही, म्हणून ते पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत’ असा निर्वाळा दिला आणि पुढची कित्येक वर्षं तो चालला. न सापडलेल्या हाडावर इतका मोठा इमला!

माझं लाडकं हाड मात्र मनगटातलं. अंगठा वर ठेवून हात पुढे धरा आणि फक्त पंजा करंगळीच्या बाजूला वाकवा. तीसेक अंशांवर गाडी अडते. आता बसलेलं कबूतर पंख कसा मिटतं ते आठवा. त्याचा पंजा याच दिशेला इतका वळतो की बोटं जवळजवळ कोपराकडे तोंड करतात. ही करामत अर्धचंद्राच्या आकाराच्या एका छोट्या हाडाची. त्याची वरची कड कप्पीसारखी गोल, मध्ये खाच. त्यामुळे पंजा करंगळीच्या बाजूला वळतो, पण तळव्याच्या किंवा त्याच्या पाठीच्या दिशेला लचकत नाही. त्याच्या वरचं, कोपराच्या बाजूचं हाड पाचरीसारखं, अंगठ्याकडे जाड आणि करंगळीकडे निमुळतं. पाचर जितकी तिरकी, तितका पंजा जास्त मागे वळणार. वेगवेगळ्या डायनासोरांमधली ही पाचर मोजली, तर पक्ष्यांच्या जवळ येऊ तशी ती साधारणपणे तिरकी होत गेलेली दिसते. आजच्या पक्ष्यांत अर्धचंद्र तळहाताच्या हाडांशी जुळून एकजीव झालाय. शिवाय हाताची दोन लांब हाडं एकमेकांवर सरकतात, त्यामुळे कोपर वाकलं की मनगट आपोआप वाकतं. आर्किऑप्टेरिक्समध्ये अर्धचंद्र अजून सुटाच आहे.

आणि हाच अर्धचंद्र डायनोनिकस या न उडणाऱ्या डायनासोरलाही होता! जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांना हा प्राणी १९६४ साली अमेरिकेत माँटानामध्ये सापडला आणि मनगटं शेजारी ठेवून पाहिल्यावर पक्षी डायनासोरांतूनच आले हा विचार पुन्हा उभा राहिला. उडायचं नव्हतं तर असं मनगट कशाला? झडप घालून भक्ष्य पकडायला, असं ऑस्ट्रॉम यांना वाटायचं. मला साधं कारण जास्त पटतं: हाताला लांब पिसं असतील तर चालताना ती आवरून धरायला हवीत.

अशा विषयात ‘हरवलेला दुवा सापडला’ ही आरोळी ऐकली की खिसा सांभाळावा. १९९९ साली एका नामांकित मासिकाने चीनमधल्या ‘आर्किओरॅप्टर’चा गाजावाजा केला. प्रत्यक्षात एका पक्ष्याच्या धडाला मायक्रोरॅप्टर या डायनासोरची शेपटी चिकटवलेली होती. शेपटीची खरी गोष्ट गोंदाशिवायही रंगतदार आहे. शेपटीचे शेवटचे मणके जुळून झालेलं आखूड हाड कन्फ्युशिअसॉर्निस या जुन्या पक्ष्यात दिसायचं, पण तो साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा. चीनच्या फूजियान प्रांतातला बामिनॉर्निस हा पक्षी २०२५ मध्ये जाहीर झाला आणि हेच हाड थेट आर्किऑप्टेरिक्सच्या काळात जाऊन पोचलं.

राहिला ‘जुरासिक पार्क’ सिनेमातला डायनासोर, व्हेलॉसिरॅप्टर. २००७ साली मंगोलियातल्या एका नमुन्यात त्याच्या हाताच्या हाडावर पिसांची मुळं रुतण्याचे सहा उंचवटे ओळीने आढळले. मनगट तेच, अर्धचंद्रवालं. तळवे एकमेकांसमोर, टाळी वाजवल्यासारखे. तळवा जमिनीकडे वळवणं त्याला जमतच नव्हतं. सिनेमात तो दाराची मूठ खाली दाबून आत येतो, तेव्हा मी आधी मनगटाकडे बघतो.