ट्रेलरचे ब्रेक, जुना पिकअप आणि एक लाल वायर

ताशी ९० किलोमीटरने धावणाऱ्या २ टनी ट्रेलरमध्ये सुमारे ६ लाख २५ हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवायची तर या सगळ्या ऊर्जेची उष्णता व्हायला हवी. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा भार पिकअपच्या ब्रेकवर पडतो आणि ट्रेलर मागून ढकलत राहतो. वळणावर तो धक्का तिरका बसला, तर गाडी आणि ट्रेलर जोडापाशी दुमडतात.

अमेरिकेत अशा ट्रेलरना बहुधा विजेचे ब्रेक असतात. चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या (पोलादी डब्याच्या) आत तरफेच्या टोकाला विद्युतचुंबक असतो. प्रवाह आला की तो फिरत्या ड्रमच्या पोलादाला चिकटू पाहतो, ड्रम त्याला सोबत ओढतो, तरफ कलते आणि ब्रेक शू, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या कमानदार पट्ट्या, ड्रमवर दाबले जातात. म्हणजे शू दाबायचं बरंचसं बळ चाकाच्या फिरण्यातूनच मिळतं. चुंबकाला साधारण ३ अँपिअर पुरतात. मला ही रचना फार सुंदर वाटते.

किती प्रवाह द्यायचा, हे डॅशबोर्डखालचा कंट्रोलर ठरवतो. स्वस्त कंट्रोलर ब्रेकलाइट लागल्यावर ठरलेल्या गतीने प्रवाह वाढवत नेतो. पाय हलका पडलाय की जोरात, याचा त्याला पत्ता नसतो. प्रमाणशीर कंट्रोलरमध्ये मात्र लंबक किंवा त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारं उपकरण) असतो. ब्रेक लागताच बसमधला उभा प्रवासी पुढे झुकतो, तसा हा लंबक झुकतो. जितका झुकेल तितका प्रवाह ट्रेलरला मिळतो.

इथे एक गंमत आहे. गुरुत्व आणि त्वरण यांतला फरक बंद पेटीतल्या उपकरणाला कळत नाही, ही आइन्स्टाइनची १९०७ मधली कल्पना. म्हणून उतारावर ब्रेक धरून वेग कायम राखला, तरी लंबक पुढे झुकलेलाच राहतो आणि ट्रेलरचे ब्रेकही लागलेले राहतात. तेव्हा हवं असतं तेही हेच! पण त्याच कारणाने कंट्रोलर ५ अंश पुढे कलता बसवला, तर सपाट रस्त्यावरही त्याला गुरुत्वत्वरणाच्या ९ टक्के इतकी मंदी, म्हणजे वेग घटत असल्याचा भास, होते. हलक्या ब्रेकिंगच्या मानाने हा आकडा मोठा आहे. काही कंट्रोलर हा कल स्वतः सुधारून घेतात. ज्यांना ते जमत नाही, ते पक्क्या जागी, पातळीत आणि गाडीच्या दिशेला सरळ बसवावेच लागतात.

नव्या पिकअपमध्ये यासाठी तयार प्लग असतो. जुन्यात चार वायरी हाताने जोडाव्या लागतात. काळी वायर सर्किट ब्रेकरमधून बॅटरीच्या धन टोकाला जाते (चार ब्रेकच्या ट्रेलरला सहसा २० अँपिअरचा ब्रेकर), पांढरी ऋण टोकाला आणि निळी मागे ट्रेलरच्या प्लगकडे. चौथी लाल. खरी परीक्षा तिचीच, कारण पेडल दाबलं गेल्याची खबर कंट्रोलरला तीच देते.

अनेक जुन्या अमेरिकी पिकअपमध्ये मागचा एकच दिवा ब्रेक आणि इंडिकेटर, दोन्हींसाठी वापरलेला असतो. लाल वायर सोयीची म्हणून त्या दिव्याच्या वायरीला जोडली, तर प्रत्येक उघडझापीला कंट्रोलरला पेडल दाबल्याचा भास होतो आणि भर रस्त्यात ट्रेलरचे ब्रेक लागू-सुटू शकतात. जोड हवा तो पेडलजवळच्या स्विचच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला, इंडिकेटरच्या स्विचच्या आधी. मल्टिमीटर लावून बघावं: पेडल मोकळं असताना शून्य, दाबल्यावर १२ व्होल्ट, आणि इंडिकेटर किंवा धोक्याचे दिवे लावल्यावर काहीही फरक नाही. धोक्याचे दिवे चालू ठेवून पेडल दाबूनही पाहावं. काही जुन्या गाड्यांत नेमका तिथेच प्रवाह उलटा फिरून येतो.

दुसरा चोर म्हणजे गंज. समांतर जोडलेल्या चार चुंबकांचा एकत्र रोध सुमारे १ ओहम धरला, तर १२ व्होल्टला १२ अँपिअर वाहतात. हाच प्रवाह ट्रेलरच्या प्लगमधल्या अर्थिंगच्या (परतीच्या) वायरीतून आणि चासीतून, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून, परत येतो. तिथल्या गंजक्या बोल्टने फक्त ०.२ ओहमची भर घातली की प्रवाह १० अँपिअरवर येतो. चुंबकाची ओढ साधारण प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे ती जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. प्रवाह बंद असताना मीटर मात्र छान १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून ब्रेक चालू ठेवूनच मोजावं. मग त्या एका बोल्टवर २ व्होल्ट खर्च होताना दिसतात. बोल्ट उघडून धातू चकचकीत होईपर्यंत घासायचा, वायरीच्या टोकाला नवी रिंग लावायची, पुन्हा मोजायचं. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

चुंबक जागा झाला का हे बघायला होकायंत्र पुरतं. ते ड्रमजवळ धरावं आणि दुसऱ्याला कंट्रोलरची हाताने चालवायची कळ दाबायला सांगावं. सुई हलली की प्रवाह तिथवर पोचला.

शेवटी कंट्रोलरचा जोर, म्हणजे तो ट्रेलरला जास्तीत जास्त किती प्रवाह देईल ते, जुळवायचा. कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास तीच कळ पूर्ण दाबायची आणि ट्रेलरची चाकं घसरू लागेपर्यंत जोर थोडा थोडा वाढवायचा. घसरू लागली की किंचित कमी करायचा, कारण घसरत्या चाकाची पकड फिरत्या चाकापेक्षा कमी असते आणि ट्रेलर बाजूला जाऊ लागतो. ट्रेलरमधलं वजन बदललं की हे सगळं पुन्हा करावं लागतं.